पार्श्वभूमी प्रारणाचे अविरत मापन आणि नोंदींचा अर्थ

प्रस्तावना

२८ एप्रिल १९८६ च्या सकाळी स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या पादत्राणांमुळे तपासणी-द्वारावरील इशारायंत्र वाजू लागले. गळती आपल्याच केंद्रात झाली असावी, असे समजून शेकडो कर्मचाऱ्यांना बाहेर काढण्यात आले. तथापि अणुभट्टीत कोठेच बिघाड आढळेना. उलट, इमारतीच्या आतल्यापेक्षा बाहेरच्या जमिनीवरच किरणोत्सारी द्रव्य अधिक आहे, असे दिसून आले. देशातील इतर मापन केंद्रांच्या नोंदीही नेहमीपेक्षा वर गेल्या होत्या. हवेतील कणांचे पृथक्करण केले असता ते अणुभट्टीच्या गाभ्यातून बाहेर पडले असावेत, असा निष्कर्ष निघाला आणि वाऱ्याचा मार्ग उलट दिशेने शोधत गेल्यावर तो सोव्हिएट संघाकडे गेला. चेर्नोबिलचा स्फोट २६ एप्रिलच्या पहाटे झाला होता. दोन दिवस मौन पाळणाऱ्या मॉस्कोने त्याची पहिली त्रोटक घोषणा २८ तारखेच्या रात्री केली.

या घटनेचा उल्लेख बहुधा सोव्हिएट शासनाच्या गुप्ततेचे उदाहरण म्हणून केला जातो. मापनशास्त्राच्या दृष्टीने तिचे महत्त्व निराळे आहे. स्वीडनमधील केंद्रांना त्या दिवशी ‘आज काहीतरी वेगळे आहे’ असे निश्चयाने म्हणता आले, कारण ‘एरवी काय असते’ हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. केवळ मापक असून भागत नाही. त्या स्थळाचा, त्या मापकाचा आणि त्या ऋतूचा पूर्वेतिहास हाताशी नसेल तर मापकावरील आकडा बोलत नाही. प्रस्तुत लेखात पार्श्वभूमी प्रारण म्हणजे काय, ते स्थळानुसार व काळानुसार का बदलते आणि त्यामुळे नोंदींचा अर्थ लावताना कोणती सावधगिरी आवश्यक ठरते, याचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी प्रारणाचे घटक

आयनीकारक प्रारण मानवाने निर्माण केले, अशी समजूत अद्याप सुशिक्षितांतही आढळते. वस्तुतः पृथ्वीवरील प्रत्येक जागी, प्रत्येक क्षणी ते असतेच. १९१० मध्ये तिओडोर वुल्फ या जर्मन संशोधकाने आयफेल मनोऱ्याच्या माथ्यावर विद्युत्‌मापी नेऊन पाहिला. उंचीबरोबर प्रारण जितके घटावयास हवे होते तितके ते घटले नाही. दोन वर्षांनी, ७ ऑगस्ट १९१२ रोजी, व्हिक्टर हेस यांनी फुग्यातून पाच किलोमीटरहून अधिक उंची गाठली आणि वर जाता जाता प्रारण वाढतच जाते, हे दाखवून दिले. विश्वकिरणांच्या या शोधासाठी त्यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पार्श्वभूमीचा एक हिस्सा असा आकाशातून येतो. दुसरा जमिनीतून येतो. युरेनियम व थोरियम यांच्या क्षयमालिका आणि पोटॅशियम-४० हे त्याचे मुख्य स्रोत. तिसरा हिस्सा श्वासावाटे शरीरात जाणाऱ्या रेडॉन वायूचा व त्याच्या क्षयजन्य मूलद्रव्यांचा असून चौथा अन्नपाण्यावाटे येणारा. प्रौढ माणसाच्या शरीरातील पोटॅशियममध्ये दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणुकेंद्रे क्षय पावत असतात, हे विद्यार्थ्यांना सांगितल्यावर वर्गात नेहमीच चुळबूळ होते.

‘अन्स्केअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या शास्त्रीय समितीने २००० सालच्या अहवालात नैसर्गिक स्रोतांपासून मिळणाऱ्या मात्रेची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट दिली होती. त्यात विश्वकिरणांचा वाटा सुमारे ०.४, जमिनीतील गॅमा किरणांचा ०.५, श्वासावाटे येणारा १.२ आणि अन्नपाण्याचा ०.३ इतका होता. हा आकडा सर्वत्र उद्धृत केला जातो. परंतु सरासरी ही कोणत्याही एका गावाची पातळी नव्हे, हे विसरले जाते, आणि येथूनच गोंधळास प्रारंभ होतो. कोणीतरी हाती धरावयाचा स्वस्त मापक आणतो, त्यावरील आकडा वर्षाच्या हिशेबाने गुणतो, ‘जागतिक सरासरी’शी ताडून पाहतो आणि चिंतित तरी होतो वा निश्चिंत तरी. दोन्ही निष्कर्ष निराधार असतात. हाती धरलेल्या मापकास केवळ पहिले दोन घटक दिसतात. श्वासावाटे येणारा सर्वांत मोठा घटक त्यास जवळजवळ दिसतच नाही.

भूस्तर आणि प्रारणाची पातळी

महाराष्ट्राचा बहुतांश भाग दक्खनच्या बेसाल्टाने व्यापलेला आहे. हा खडक किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या दृष्टीने दरिद्री होय. नमुन्यादाखल अशा बेसाल्टात दर दशलक्ष भागांत अर्धा भाग युरेनियम, दोन भाग थोरियम आणि अर्धा टक्का पोटॅशियम धरले, तर प्रचलित गुणकांच्या आधारे जमिनीपासून एक मीटर उंचीवर येणारा मात्रा-दर ताशी सुमारे १४ नॅनोग्रे इतका निघतो. याच पद्धतीने चार भाग युरेनियम, पंधरा भाग थोरियम आणि साडेतीन टक्के पोटॅशियम असलेल्या ग्रॅनाइटासाठी हिशेब केला, तर उत्तर ताशी सुमारे १०५ नॅनोग्रे येते. अन्स्केअरने दिलेली जागतिक सरासरी ५९ आहे. विश्वकिरणांचे समुद्रसपाटीवरील सुमारे ३० नॅनोग्रे दोहोंत मिळवल्यास बेसाल्टावरील मापक ४५ च्या आसपास व ग्रॅनाइटावरील मापक १३५ च्या आसपास दाखवील. पुणे-अहिल्यानगर पट्ट्यातून पूर्व विदर्भातील भंडारा-गडचिरोलीच्या किंवा दक्षिणेस सिंधुदुर्गाच्या प्राचीन नाइस-ग्रॅनाइटाच्या प्रदेशात तोच मापक नेला, तर तो काहीही न घडता वाढीव आकडा दाखवू लागेल. वाढ खरी असेल. तिचे कारण मात्र कोट्यवधी वर्षे जुने असेल.

कोकणात आणखी एक गुंतागुंत आहे. बेसाल्टाच्या दीर्घकालीन झिजेतून तयार झालेल्या जांभ्यात पोटॅशियम धुऊन गेलेले असते, तर थोरियम लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांबरोबर मागे राहते. त्यामुळे जांभ्याचा सडा आणि त्याच्या पायथ्याचा उघडा काळा दगड यांची पातळी सारखी असण्याचे कारण नाही. जांभ्याच्या चिऱ्यांचे घर आणि काळ्या दगडाचे घर यांच्याविषयीही हेच म्हणता येईल. शहरी सदनिकेत दक्षिणेकडून आणलेला ग्रॅनाइट स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसवला की त्याच्या लगत धरलेल्या मापकावर किंचित वाढ दिसते. ती निरुपद्रवी असते, परंतु आधी कोणी मोजलेले नसल्यास तीही बातमीचा विषय होऊ शकते.

काळी वाळू म्हणजे किरणोत्सारी वाळू, हे समीकरणही असेच घाईचे आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील काळ्या वाळूतील इल्मेनाइट मुख्यतः बेसाल्टाच्या झिजेतून आलेले असल्याने तिच्यात मोनॅझाइटाचे प्रमाण नगण्य आहे. केरळमधील चवरा-नींडकरा किनाऱ्याची गोष्ट वेगळी. तेथील वाळू प्राचीन रूपांतरित खडकांतून आलेली असून तिच्यातील मोनॅझाइटात ८ ते १० टक्के थोरियम ऑक्साइड असते. १९०९ मध्ये शोम्बर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञास त्रावणकोरहून आयात केलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत हे खनिज आढळले आणि त्या किनाऱ्याचे भाग्य बदलले. कोल्लम जिल्ह्यातील करुणागपळ्ळी भागाच्या किनारी पंचायतींत घराबाहेरील प्रारणाची मध्यक पातळी वर्षाला ४ मिलिग्रेहून अधिक आहे आणि काही जागी ती ७० मिलिग्रेपर्यंत जाते. म्हणजे ताशी जवळपास ८,००० नॅनोग्रे. दक्खनच्या पठारावर एखाद्या मापकाने हा आकडा दाखविला तर तो अत्यंत असाधारण ठरेल. त्या किनाऱ्यावर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कोळी समाज नांदत आहे.

तेथील ६९,९५८ रहिवाशांचा सरासरी साडेदहा वर्षे मागोवा घेऊन केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. २००५ अखेरपर्यंत नोंदल्या गेलेल्या १,३७९ कर्करोगांचा एकूण साचलेल्या मात्रेशी अर्थपूर्ण संबंध त्यात आढळला नाही. या निष्कर्षाचा आधार घेऊन ‘अल्प प्रारण निरुपद्रवीच असते’ असे विधान करणे धाडसाचे होईल. अनेक देशांतील अणुउद्योगांतील कामगारांवरील अभ्यासांत अल्प मात्रेबरोबरही कर्करोगाची जोखीम वाढल्याचे दिसले असून हा वाद मिटलेला नाही. येथे त्याचा उल्लेख एवढ्याचसाठी की, धोक्याची पातळी आणि असाधारण पातळी या दोन वेगळ्या संकल्पना आहेत. मापनाच्या जाळ्याचे पहिले काम दुसरीचा छडा लावण्याचे असते.

पर्जन्य, ऋतू आणि प्रहर

एकाच जागी मापक कायम ठेवला तरी त्यावरील आकडा स्थिर राहत नाही. सर्वांत ठळक बदल पावसाने होतो. जमिनीतून निघणारा रेडॉन-२२२ हवेत मिसळतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे. त्याच्यापासून निर्माण होणारी शिसे-२१४ व बिस्मथ-२१४ ही मूलद्रव्ये हवेतील सूक्ष्म कणांना चिकटून तरंगत असतात. पाऊस पडू लागला की हे कण धुऊन जमिनीवर येतात आणि मापकाच्या भोवती एकाएकी गॅमा किरणांचा पातळ थर पसरतो. मात्रा-दर काही टक्क्यांपासून कधीकधी दुपटीपर्यंतही वाढतो. शिसे-२१४ चे अर्धायुष्य सुमारे २७ मिनिटे व बिस्मथ-२१४ चे सुमारे २० मिनिटे असल्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत ही वाढ विरून जाते.

पावसाने झालेली वाढ आणि दूरच्या अपघातातून आलेल्या द्रव्याने झालेली वाढ यांचा पहिल्या तासातील आकडा अगदी सारखा असू शकतो. किंबहुना, अपघातातील द्रव्यही बहुधा पावसाबरोबरच खाली येते. १९८६ मध्ये स्वीडनच्या गेव्हले परिसरात सीझियम साचले ते पावसामुळेच. फरक दिसतो तो आलेखाच्या आकारात. रेडॉनजन्य वाढ तासाभरात उतरणीस लागते. आयोडिन-१३१ असेल तर उतरण आठ दिवसांच्या अर्धायुष्याने होते आणि सीझियम-१३७ असेल तर त्याचे अर्धायुष्य ३० वर्षांचे असल्याने आलेखाचा तळच वर उचलला जातो व तेथेच राहतो. दर दहा-पंधरा मिनिटांनी नोंद करणारे यंत्र आणि त्याच्याशेजारी साधे पर्जन्यमापक एवढ्या सामग्रीवर हा भेद करता येतो. पर्जन्यमापकाशिवाय प्रारणमापक बसवणे म्हणजे अर्धेच काम, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

भारतीय हवामानात याला ऋतुचक्राची जोड मिळते. नैर्ऋत्य मोसमी वारे समुद्रावरून येतात आणि समुद्रपृष्ठातून रेडॉन जवळजवळ निघतच नाही. त्यातच भिजलेल्या जमिनीची छिद्रे पाण्याने बुजलेली असल्याने स्थानिक रेडॉनही बाहेर पडत नाही. म्हणून पावसाळ्यात हवेतील रेडॉन वर्षातील नीचांकावर असतो, तर हिवाळ्यात भूप्रदेशावरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यांबरोबर तो वाढतो. शिवाय मातीतील ओलावा गॅमा किरणांना अडवतो. मातीत पाण्याचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले, तर जमिनीकडून येणारा मात्रा-दर साधारण तितक्याच प्रमाणात घटतो. यामुळे एक विरोधाभास घडतो : जूनच्या पहिल्या सरींनी आकडा उसळी घेतो आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत तोच उन्हाळ्यापेक्षा खाली उतरतो. केवळ एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे सोयीच्या कोरड्या हवेत, घेतलेल्या मोजमापांवरून ‘या गावची पार्श्वभूमी इतकी’ असे लिहिणाऱ्या अहवालांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे लागते. दिवसाच्या प्रहरांचाही परिणाम होतो. हिवाळ्यातील पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर उठत नाही व रेडॉन तळाशी साचतो, दुपारी तो विरळ होतो.

या नैसर्गिक बदलांखेरीज काही क्षणिक मानवी कारणेही असतात. गलग्रंथीच्या उपचारासाठी किरणोत्सारी आयोडिन घेतलेला रुग्ण मापकाजवळून गेला किंवा जवळच्या कारखान्यात रात्री नळजोडांची गॅमा-चित्रे घेतली जात असली, तर आलेखावर तीक्ष्ण शिखर उमटते.

मोजणीतील अनिश्चितता

किरणोत्सारी क्षय ही यादृच्छिक घटना आहे, हे पाठ्यपुस्तकात असते. त्याचा व्यावहारिक अर्थ मात्र उपकरण हाती आल्यावरच उमगतो. हाती धरावयाच्या मापकातील लहान गायगर नळी सामान्य पार्श्वभूमीत मिनिटाला सुमारे २० स्पंद मोजते असे धरू. संख्येचे वर्गमूळ हे तिचे प्रमाणविचलन, या नियमाने अनिश्चितता साडेचार स्पंदांची झाली. त्यामुळे एका मिनिटात कधी १२ तर कधी २९ स्पंद मोजले गेले, तरी परिस्थितीत काहीच बदल झालेला नसतो. हीच मोजणी दहा मिनिटे केली तर २०० स्पंदांवर १४ ची, म्हणजे सात टक्क्यांची, आणि तासभर केली तर १,२०० स्पंदांवर ३५ ची, म्हणजे तीन टक्क्यांची अनिश्चितता उरते. पंधरा सेकंदांत मापक धरून ‘पातळी दीडपट झाली’ असे सांगणाऱ्या ध्वनिचित्रफिती आज समाजमाध्यमांतून फिरतात. त्यांचे खंडन करण्यास अणुविज्ञान लागत नाही; वर्गमूळ पुरते.

गायगर नळी स्पंद मोजते, पण तो कोणत्या मूलद्रव्यामुळे उमटला हे सांगत नाही. ते काम वर्णपटमापकाचे. सोडियम आयोडाइडाच्या स्फटिकात प्रत्येक गॅमा किरणाच्या ऊर्जेच्या प्रमाणात प्रकाशाची चमक निर्माण होते आणि त्यावरून स्रोत ओळखता येतो. पोटॅशियम-४० ची रेषा १,४६१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला, बिस्मथ-२१४ ची ६०९ ला, थोरियम मालिकेतील थॅलियम-२०८ ची २,६१५ ला, तर अणुभट्टीतून येणाऱ्या आयोडिन-१३१ ची ३६४ व सीझियम-१३७ ची ६६२ ला. पावसाने झालेली वाढ असेल तर ६०९ ची रेषा उंचावते आणि प्रश्न तेथेच मिटतो. दीर्घ काळातील एकूण मात्रा मोजण्यासाठी वेगळे साधन लागते. भारतात त्यासाठी डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या प्रचारात आहेत. तीन महिने झाडावर वा खांबावर टांगलेली चकती प्रयोगशाळेत तापवली की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. ती स्वस्त आणि विश्वासार्ह आहे. मात्र या काळात वाढ कोणत्या दिवशी झाली, हे ती सांगू शकत नाही.

मापनाची जाळी

चेर्नोबिलनंतर युरोपने मापन केंद्रांचे जाळे दाट केले. जर्मनीत अशी सुमारे १,७०० केंद्रे असून युरोपीय देशांच्या सामाईक प्रणालीत पाच हजारांहून अधिक केंद्रांची माहिती एकत्र येते व नागरिकांस पाहावयास मिळते. भारतात भाभा अणु संशोधन केंद्राने पर्यावरणीय प्रारण संनिरीक्षणाचे देशव्यापी जाळे उभारले आहे. त्यातील गायगर नळीवर आधारलेले मापक सौरऊर्जेवर चालतात व भ्रमणध्वनी यंत्रणेद्वारे नोंदी मध्यवर्ती केंद्राकडे पाठवतात. याखेरीज प्रत्येक अणुवीज केंद्राशेजारी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते आणि ती अणुभट्टी सुरू होण्यापूर्वी काही वर्षे आधीच कामास लागते.

ही पूर्वतयारी केवळ औपचारिक नाही. सर्वसामान्य नागरिकांसाठी नैसर्गिक व वैद्यकीय प्रारणाव्यतिरिक्त वर्षाला १ मिलिसिव्हर्ट ही मर्यादा आहे. वर्षभरात सारखी विभागल्यास ती ताशी सुमारे ११४ नॅनोसिव्हर्ट होते. वर दिलेल्या उदाहरणातील बेसाल्ट आणि ग्रॅनाइट यांतील फरक याच परिमाणात मांडला तर ताशी सुमारे ६४ नॅनोसिव्हर्ट येतो. म्हणजे निव्वळ खडकाच्या भेदाने पडणारा फरक नागरिकांसाठीच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक आहे, आणि अणुवीज केंद्रामुळे परिसरात होणारी प्रत्यक्ष वाढ तर सामान्यतः या मर्यादेच्या अगदी लहानशा अंशाइतकी असते. अशी वाढ कुंपणालगतच्या गायगर नळीने दिसणे अशक्यप्राय. ती शोधावी लागते दूध, मासे, पालेभाज्या, पाणी आणि किनाऱ्यावरील गाळ यांच्या नमुन्यांत, ठरावीक समस्थानिकांच्या रूपाने. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या बाबतीत परिसर बेसाल्टाचा, म्हणजे कमी पार्श्वभूमीचा असणे हे मापनाच्या दृष्टीने सोयीचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील जैतापूरच्या प्रस्तावित प्रकल्पाची जागा जांभ्याच्या सड्यावर आहे. तेथील मतभेद पुढे कोणत्याही दिशेने सुटोत, अणुभट्टीपूर्व काळातील नोंदी अणुभट्टी सुरू झाल्यानंतर कोणालाही घेता येणार नाहीत. समर्थक व विरोधक यांना उद्या ज्या एकाच आकड्यावर बोट ठेवून बोलावे लागेल, तो आज मोजला जावयास हवा आणि तो शासकीय प्रयोगशाळेबाहेरील जाणकारांनाही पडताळून पाहता यावा.

जाळे असणे आणि ते ऐनवेळी चालणे, यांतील अंतर ११ मार्च २०११ रोजी जपानमध्ये दिसले. भूकंप, त्सुनामी आणि खंडित झालेली वीज व संपर्कव्यवस्था यांमुळे फुकुशिमा प्रांतातील २४ स्थिर मापन केंद्रांपैकी २३ निकामी झाली. ज्या क्षणासाठी ती बांधली होती त्या क्षणीच ती गप्प झाली. प्रकल्पाभोवती वीस किलोमीटरचे वर्तुळ आखून लोकांना हलविण्यात आले. परंतु १५ मार्चला वाऱ्याने व पावसा-हिमाने किरणोत्सारी द्रव्य वायव्येस नेले आणि ते वर्तुळाबाहेरच्या इताते या गावावर उतरले. गाव रिकामे करण्याचा आदेश २२ एप्रिलला निघाला. शासकीय माहितीवरील विश्वास ढळल्यामुळे त्याच मार्चमध्ये ‘सेफकास्ट’ हा नागरिकांचा उपक्रम उभा राहिला आणि स्वयंसेवकांनी मोटारींवर मापक बसवून रस्तोरस्ती नोंदी घेतल्या. नागरिकांच्या या नोंदी उपयुक्त ठरल्या त्याचे कारण त्यांचा उत्साह एवढेच नव्हे. सर्वांचे उपकरण एका जातीचे, अंशशोधन केलेले होते आणि प्रत्येक नोंदीबरोबर जागा व वेळ आपोआप जोडली जात होती.

उलट दिशेचे उदाहरण २०१७ चे आहे. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये युरोपभर हवेच्या गाळण-पत्रांत रुथेनियम-१०६ आढळले. प्रमाण इतके अल्प होते की मात्रा-दराच्या हजारो मापकांना त्याची चाहूलही लागली नाही. अनेक देशांच्या नोंदी व वाऱ्याच्या प्रवाहांचे गणित एकत्र करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उगमस्थान दक्षिण उरल प्रदेशात असल्याचे दाखविले. रशियाने तेथील मायाक संकुलातून गळती झाल्याचे नाकारले. फोर्समार्कनंतर एकतीस वर्षांनीही पहिली वार्ता उगमस्थानाकडून न येता दूरच्या मापकांकडूनच आली.

महाविद्यालयांच्या संदर्भात

अशा जाळ्यांपुढे एखाद्या महाविद्यालयातील एका मापकाचे मोल काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. त्याचे उत्तर देताना प्रथम जाळ्याची एक उणीव ध्यानात घ्यावी लागते. १९८५ पासून वापरात नसलेले दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील गॅमा विकिरण यंत्र फेब्रुवारी २०१० मध्ये भंगार म्हणून लिलावात विकले गेले. मायापुरीच्या भंगार बाजारात त्यातील कोबाल्ट-६० उघडे पडले. एका व्यक्तीचा मृत्यू झाला व इतर अनेकांना इजा झाली. ही गोष्ट कोणत्याही पर्यावरणीय मापकाने नव्हे, तर एप्रिलमध्ये रुग्णालयात पोहोचलेल्या माणसाच्या भाजल्यासारख्या जखमांनी उघडकीस आणली. २००८ मध्ये फ्रान्समधील उद्वाहकांच्या बटणांत कोबाल्ट-६० सापडले, तेही भारतीय पोलादातून गेलेले होते. देशव्यापी जाळे मोठा ढग पाहते. गल्लीतला तुकडा पाहू शकत नाही. तो पाहण्यासाठी साठा-नोंदवही लागते. त्या विभागातील यंत्र पंचवीस वर्षे कोणाच्याही नजरेस पडले नाही असे नाही. ते काय आहे हे ओळखणारे निवृत्त होत गेले आणि नोंद मागे राहिली नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची ‘ई-लोरा’ ही संगणकीय प्रणाली आज परवाना व नोंदणीसाठी उपलब्ध आहे. परंतु जुन्या विभागांच्या कपाटांत काय आहे, हे त्या विभागातील प्राध्यापकांनीच पाहावे लागते.

पार्श्वभूमीच्या मापनाबाबत म्हणावयाचे, तर भौतिकशास्त्र विभागातील गायगर गणित्र बहुतेक ठिकाणी सत्रातून एकदा ‘व्यस्त वर्ग नियम’ पडताळण्यापुरते बाहेर निघते आणि त्या वेळी पार्श्वभूमीचे स्पंद वजा करून टाकून दिले जातात. तेच स्पंद ठेवून द्यावेत. जागा एकच असावी, उंची जमिनीपासून एक मीटर, मोजणी तासाभराची, आणि नोंदीत तारीख व वेळेबरोबर पाऊस, मातीचा ओलावा, उपकरणाचा क्रमांक व शेवटच्या अंशशोधनाचा दिनांक असावा. नळी बदलली की तसे लिहावे आणि जुनी व नवी नळी किमान काही दिवस शेजारी-शेजारी चालवावी. अन्यथा नळीतील फरक पर्यावरणातील बदल म्हणून वाचला जाईल. भूगोल विभागाचे पर्जन्यमापक त्याच आवारात असल्यास उत्तमच. दोन पावसाळे उलटले की त्या आवाराची उन्हाळी व पावसाळी पातळी, पहिल्या सरीची उसळी आणि ती ओसरण्यास लागणारा वेळ या गोष्टी नोंदवहीत स्पष्ट दिसू लागतात. त्यानंतर एखाद्या सकाळी आकडा वेगळा आला, तर तो कशापेक्षा वेगळा आहे हे सांगता येते.